दोन मेणबत्त्या

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला आमच्या परभणीकडच्या शाळेतला सातवीचा वर्ग आठवतो. घराण्यातला पहिला बीएस्सी मी, आणि त्याची मला घमेंड होती. आम्हा विज्ञान शिक्षकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं, तेव्हा सगळ्यांसारखंच मीही आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवले, तेवढ्यात वह्या तपासल्या आणि प्रमाणपत्र मिळवलं. त्याच आठवड्यात वर्गात ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर ग्लास पालथा घातला. ज्योत विझली, पाणी आत चढलं. "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली," मी ठणकावून सांगितलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, दोन लावून बघू?" लावल्या, तर पाणी आणखी वर गेलं. "ग्लास तर तोच हाय सर, मग ऑक्सिजन जास्ती कुठून आला?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "आता अडकले सर!" "उद्या सांगतो," म्हणालो खरा, पण डबा उघडलाच नाही. मधल्या सुट्टीत तेच व्हिडिओ आवाज लावून पाहिले. तिसऱ्यातच उत्तर होतं: ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते आणि उरलेली गार होऊन आकसली की पाणी चढतं. दोन ज्योतींनी हवा जास्त तापते. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "काल मी चुकीचं सांगितलं." "मग वहीतलं खोडू का सर?" त्याच मुलीनं विचारलं. "खोड," म्हणालो आणि तिनं पट्टी लावून ओळ खोडली. पण त्याआधी पंधरा वर्षं मी तेच शिकवलं होतं. त्यातली एक विद्यार्थिनी आता स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, आणि तिला फोन करायचं मी रोज उद्यावर ढकलतोय.