खाकी सदरा, शिवण बाहेरून

कापडाच्या दुकानात मी काड्यापेटी घेऊन जाते. कोणी "प्युअर कॉटन आहे ताई" म्हटलं की कडेचा एक धागा ओढायचा आणि तिथेच पेटवायचा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. टोकाला गोळी धरली, प्लॅस्टिकचा वास सुटला, तर माणूस तोंडावर खोटं बोललाय. जळगावच्या निम्म्या बाजाराशी माझं यावरून वाजलंय, आणि वाजू दे.

कारण माझी मुलगी. तिला ऑटिझम आहे, आणि कपडा आपल्याला लागतो तसा तिला लागत नाही. मानेमागचं लेबल टोचतं, जरीचा काठ ओरबाडतो, इलॅस्टिक आवळतं, आणि ती हे सांगत बसत नाही, किंचाळते. मागच्या गॅदरिंगला भाड्यानं परीचा ड्रेस आणला होता. "आतून अस्तर आहे, काही टोचणार नाही," ड्रेपरीवाला म्हणाला आणि मी मेलीनं विश्वास ठेवला. स्टेजवर सगळ्यांसमोर तिनं तो ओढून काढला. लोक हसले. पुढच्या रांगेतल्या, पोरंबाळं असलेल्या बायासुद्धा हसल्या. नवऱ्यानं तिला शालीत गुंडाळून उचललं, ते घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

यंदाच्या फॅन्सी ड्रेसला तिनं आपण होऊन सांगितलं, "मी कंडक्टर." धुळ्याला आत्याकडे जाताना एसटीत ती कंडक्टरच्या बोलण्याकडे कान लावून बसते, त्याचं सगळं तिला पाठ आहे. आपण होऊन ती कधी काही मागत नाही, त्यामुळे मला रडूच आलं. तिला स्टेजवर उभं राहायचं होतं. मग काय वाट्टेल ते झालं तरी मी तिला उभं करणार होते.

घरी शिवलेला साधा ड्रेस चालेल का, असं शाळेच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो हो, आणा ना, काहीही चालेल." इतका गोड होकार मला पचत नाही. काहीही चालेल म्हणजे काय? नवरा म्हणाला, "तू ना, देवावरसुद्धा संशय घेशील. बाई चांगल्या आहेत."

धुळ्याच्या माझ्या नणंदबाई, अक्का, घरी शिवणकाम करतात. सदरा त्यांनाच शिवायला सांगितला, तर त्यांचा फोन आला, "वहिनी, पोरना रोजना फ्रॉक लई ये. जुनाच आण, धुवू नको." न धुतलेला, अंगावरचा कपडा? याच अक्कांनी मागे सुचवलं होतं, "एकदा बाहेरचं बघी ल्या, आमना गावले एक भगत शे." उताऱ्याला असाच कपडा लागतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी फ्रॉक पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि मुलीला घेऊन स्वतःच एसटीनं निघाले, बाईचं एक हाफ, पोरीचं एक हाफ. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, पिशवीवरचा हात मी काढला नाही.

अक्कांनी फ्रॉक उजेडात धरला. पोर कापड कुठं ओढते, कुठं चावते, ते धुतल्यावर कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तरी समोरच ठाण मांडून बसले. धुऊन धुऊन मऊ पडलेली एक चादर त्यांनी खाकी रंगात बुडवून ठेवली होती. रंग उतरतोय का म्हणून मी ओला रुमाल घासून पाहिला. उतरला नाही. सदऱ्याला कॉलर नव्हती, नुसती दोऱ्यानं काढलेली. बटणंही तशीच, खोटी. सगळ्या शिवणी बाहेरून. खांद्याच्या पिशवीत थोडे गहू, कारण अंगावर ओझं असलं की ती शांत राहते. झाला सुरेख होता. पण मी उलटा करून आतून बोट फिरवत गेले, आणि खालच्या दुमडीत काहीतरी टणक लागलं.

"अक्का, हे काय?"

"काही नई."

उसवलं. बिब्बा निघाला!

"पोरले नजर नको लागाले," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा लोक देखतीन."

"अहो, साधं लेबल सहन होत नाही तिला, आणि तुम्ही बिब्बा शिवताय? अंगावर उतला, फोड आले म्हणजे?"

अक्का रुसल्या. मीही समजूत काढली नाही. पण पोरीनं सदरा घातला तो जेवतानाही काढू देईना, तेव्हा अक्कांना आधी हसू आलं, मग मला.

गॅदरिंगच्या दिवशी एकेकाचं नाव पुकारत होते. भाजीवाली झाली, डॉक्टर झाला, केळीचा घड झाला. ती माझ्याशेजारी सदऱ्यात उभी, एकदाही खाजवलं नाही. आणि मग माईकवरून "आता बक्षीस समारंभ" ऐकू आलं. मी तडक बाईंकडे गेले.

"मला माहीतच होतं! तुमच्या मनात पहिल्यापासून नव्हतंच."

बाई गोंधळल्या. "अहो, पण तिच्या बाबांनीच सांगितलं ना. नाव घेऊ नका, नुसतं ड्रेस घालून बसू द्या म्हणाले."

दुकानदार, ड्रेपरीवाला, बाई, अक्का, सगळ्यांवर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. नवऱ्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही. तो मागे मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

"पुन्हा हसतील गं तिला," तो म्हणाला. "मला नाही बघवत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायला वेळ नव्हता. "नाव घ्या," मी बाईंना म्हणाले, "नाहीतर माईक मी घेते."

नाव घेतलं. ती चढली, मधोमध जाऊन थांबली. मग तिनं पिशवीवर थाप मारली आणि तिच्या त्या सपाट आवाजात ओरडली, "चला, पुढे सरका! दारात उभं राहू नका! तिकीट बोला!"

अख्खा मांडव हसला. मी ते हसणं कान देऊन ऐकलं. मागच्या वर्षीसारखंच होतं की वेगळं, खरंच सांगता येईना. तेवढ्यात नवरा स्टेजकडे निघाला. हा आता तिला उचलून खाली आणणार, या खात्रीनं मी मधल्या वाटेत आडवी उभी राहिले. तो माझ्यापाशी येऊन थांबला. माझ्या डोक्यावरून त्यानं हात वर केला.

"धुळे!" तो ओरडला. "एक फुल, दोन हाफ!"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "सुट्टे द्या," ती म्हणाली.

मी वाटेतून मात्र हलले नाही.