वन्संच्या दोन हंड्या

वसुबारस, १९६४. महाडचं आमचं घर, माजघर. हजर: मी, आमचे हे, पोलादपूरहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, तांबट आणि वायरमन. दुपारी जे घडलं तेव्हा मात्र नणंदबाई आणि मी, दोघीच.

त्यांचे यजमान गेल्यापासून वन्सं पोलादपूरला एकट्या राहत होत्या. यंदा आषाढात न्हाणीघरात घसरून पडल्या, आणि सकाळी शेजारीण हाक मारत आली तोवर तशाच पडून होत्या. तेव्हापासून मला धड झोप नव्हती. आमच्याकडे कायमच्या या, असं आम्ही दोघांनी चारदा सांगून पाहिलं. अखेर त्या एका बोलीवर आल्या. लग्नात वडिलांनी दिलेल्या काचेच्या, दिवा लावायच्या दोन हंड्या, एक निळी, एक तांबूस, आमच्या माजघरात टांगायच्या. त्या नीट लागल्या तर राहीन, नाहीतर भाऊबीज करून परत जाईन.

आमच्याकडे वीज नुकती आली होती. ह्यांचं म्हणणं, हंड्यांत तेलाऐवजी बल्ब बसवू, दिसायला जुन्या त्या जुन्याच राहतील. वन्सं हो म्हणाल्या. आखणी माझ्याकडे आली, कारण घरात कागद-पेन्सिल घेऊन बसणारी मीच.

मी लिहून काढलं. काचेला भोक पाडायचं नाही. साखळी पितळेची, जुन्या घडणीची, आणि वायर तिच्या कड्यांतून ओवलेली, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही. होल्डर पितळी वाटीत लपवायचा. वरचं झाकण काचेपासून दोन बोटं उंच. याच कलमावरून तांबटाशी दोनदा वाद झाला. झाकण धूर अडवायला असतं, ते घट्टच हवं, असं तो म्हणे. मी म्हटलं, आता धूर नाही, पण बल्ब तापतो आणि तापलेली काच तडकते. त्याला ते पटलं नाही, पण केलं त्यानं तसंच.

तुळईला ठोकलेल्या कड्यांचा मला भरवसा नव्हता. हंडी आणि साखळी मिळून जितकं वजन होईल त्याच्या दुप्पट तांदूळ पिशव्यांत भरून दोन दिवस टांगून ठेवले. दूधवाल्यानं विचारलं, "वैनी, उंदरांची लय भीती हाय वाटतं?" मी हसले, पण जाता-येता वर बघत होतेच.

वसुबारसेला सकाळी दोन्ही हंड्या चढल्या. साखळ्या बसवून तांबट गेला. वायरमननं तारा जोडल्या आणि दुपारी तो बल्ब आणायला बाजारात गेला. त्याच्यासोबत हेही गेले. स्वयंपाकघरातला दिवा चालू असल्यानं मेन सुरूच होता. मी यादीवर खुणा केल्या, जवळपास सगळं झालं होतं. मग मी करंज्यांचं पीठ मळायला आत गेले.

बाहेर आले तर वन्सं स्टुलावर. डाव्या हातानं निळ्या हंडीचा काठ धरलेला, उजव्यात तांब्या, आणि कुंकू कालवलेलं पाणी त्या हंडीत ओतत होत्या. होल्डर उघडा, पाण्याची धार त्याला घासून जात होती. भिंतीवरचं बटण खाली, म्हणजे चालू होतं. कुणी दाबलं होतं, की सकाळपासून तसंच होतं, कोण जाणे. बल्बच नसल्यानं वीज आत आहे की नाही, हे बघून कळायला मार्ग नव्हता.

ओरडले असते तर त्या दचकल्या असत्या, आणि तोल जाऊन हात नेमका होल्डरवर पडला असता. म्हणून मी काहीच बोलले नाही. पिठाचे हात पदराला पुसले, दारामागच्या मेनपर्यंत चालत गेले आणि खटका ओढला. मग म्हटलं, "वन्सं, तांब्या माझ्याकडे द्या."

"थांब गो, अजून बोटभर राहिलंय."

"आधी खाली या."

"कोरडी हंडी टांगत नाय. खाली पाणी, वर वाटीत तेल. बाबा दर दिवाळीला आमच्याकडून असंच भरून घेत."

त्यांना खाली बसवलं आणि मग काय झालं असतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू एवढं लिवलंस, त्यात पाण्याचं नव्हतं?"

नव्हतं. तांदूळ टांगून कड्या तपासणाऱ्या मला, ज्या बाईच्या हंड्या तिला त्या कशा लावता हे विचारायचं सुचलं नव्हतं.

वायरमन परतल्यावर हंडीत डोकावून म्हणाला, "पाणी भरलंय तर दोन मासे पण सोडा, वैनी." त्यानं पाणी काढलं, निळीची वायरच सोडवली आणि ओल्या होल्डरला आज हात लावणार नाही म्हणाला. धनत्रयोदशीला तांबूस हंडी बल्बवर लागली. वन्संनी तिला नमस्कार केला, पण तिच्याखाली बसल्या नाहीत. भाऊबीज झाली तरी त्या गेल्या नाहीत, पण राहते असंही म्हणाल्या नाहीत. त्यांची वळकटी अजून कोपऱ्यात बांधलेलीच असते. रोज झोपताना सोडतात, सकाळी पुन्हा बांधतात.

निळी हंडी पाण्या-तेलावरच लावायची, हे आता ठरलंय. त्यासाठी होल्डर काढून आत तेलाची काचवाटी टेकवायला पितळी कडं हवं. तांबट म्हणतो, हंडी दुकानात आणा. वन्सं ती उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. म्हणजे हंडी घरातच उतरवून आतल्या घेराचं माप दोऱ्यानं घ्यायचं आणि दोरा तांबटाकडे पोचवायचा. फाल्गुन लागला. दोरा कापून ठेवलाय, स्टूलही तुळईखाली आणून ठेवलंय. पण उतरवताना हातातून सुटली तर, या भीतीनं मी अजून वर चढलेले नाही.