मी गाळलेली शेवटची ओळ

पैशाचं कुतूहल आहे पण पैशावरचं लिखाण वाचताना झोप येते, अशांसाठी एक इंग्रजी पत्र आहे. रोज सकाळी ईमेलवर येतं, फुकट. व्याजदर, महागाई, शेअर असले विषय तो लिहिणारा हसवत हसवत समजावतो. आकडे चोख असतात. मी पडताळून पाहिलेत. कुणी विचारलं तर नाव सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो, आणि त्याचीच लाज वाटते.

मी जळगावात हिशेबाच्या नोकरीत आयुष्य काढलेला माणूस. घरात मला विनोदी कुणीच म्हणत नाही. पण त्या पत्रातल्या गमती मराठीत करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला लागलो, तेव्हा शाबासक्या यायला लागल्या. कुठून घेतलंय, हे लिहायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मी लिहिलं नाही.

एकदा त्या पत्रात मुदत ठेवीचं व्याज महागाई कशी खाते, यावर मजकूर होता. फ्रिजमधल्या दुधाची उपमा होती. आपल्याकडे केळी बरी म्हणून मी लिहिलं, ‘एफडीतला पैसा म्हणजे फ्रिजमधली केळी. सांभाळून ठेवली असं वाटतं, बाहेर काढली की काळी.’ ग्रुपवर हसण्याचा नुसता पाऊस पडला. मूळ मजकुराच्या शेवटी आणखी एक ओळ होती. तिच्यामुळे रंगाचा बेरंग होईल म्हणून ती गाळली.

आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, पारोळ्याची थोरली बहीण माहेरपणाला आली. मेहुणे गेल्यापासून तिचा सगळा आधार म्हणजे एक तीन लाखांची एफडी. हातपाय धुऊन ती सांजोऱ्या खायला बसली आणि म्हणाली, “मोडी टाकी भाऊ. आते सांग, पैसा कोठे टाकू?”

“काय मोडलं अक्का?”

“एफडी! तूच त लिखं ना, केळी काळी पडतस म्हनीसन.”

माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मुदतीला चारच महिने राहिले होते. दंड धरून व्याजाचे नऊ हजारांच्या आसपास गेले, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. तो तोंडाने सांगायला मात्र वेळ लागला. ती गंमत माझी नाही, दुसऱ्याची आहे आणि मी अर्धीच टाकली, हेही सांगितलं.

“दुसरानी गंमत तुनी म्हनीसन धाडी?”

मी मान हलवली.

“मंग त्या मानूसनी शेवटले काय लिखं, ते वाच.”

मोबाइलवर जुनं पत्र शोधून वाचलं: तरीही घरात दूध लागतंच, तेव्हा आमच्या गमतीवर पैसे लावू नका; गंमत आमची, पैसे तुमचे.

अक्काने सांजोरी ताटात ठेवली. “खरी गंमत त हाईच व्हती. तूच काढी टाकी.”

गेलेलं व्याज मी भरून देतो म्हणालो. ती म्हणाली, “आखाजीले भाऊ साडी देस, दंड नही.” बायको हसली. मला हसू आलं नाही.

पारोळ्याला परतल्यावर तिने बँकेत पुन्हा ठेव केली. किती वर्षांची, किती टक्क्यांनी, ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आजवर तिच्या प्रत्येक पावतीवरचा आकडा मी तपासून दिला होता.

त्या आठवड्यात ग्रुपवर सगळं खरं लिहिलं आणि पत्राचं नाव दिलं. तुम्हीही ते घ्या, मनापासून सांगतो. मात्र शेवटपर्यंत वाचा. आता मीही सबंध मजकूर उतरवून टाकतो. वर लिहिणाऱ्याचं नाव, खाली तो इशारा. भाचरं अजून हसतात. अक्काने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसतात.