वरचं बटण

कझाकस्तानातल्या शाख्तिन्स्क या खाणींच्या गावी, रोजगार केंद्रात ओरिनबेक सलग चौथ्या दिवशी नापास झाला.

भत्ता हवा तर ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करायचं, असा नियम होता. एकोणतीस वर्षं कोळसा काढलेला हा माणूस आता पडद्यावरच्या खोट्या गोदामात खोकी रचत होता, खोट्या गिऱ्हाइकांशी गोड बोलत होता. तेही त्याला जमलं. घोडं अडलं ते एकाच प्रसंगावर. धोक्याचा भोंगा वाजतोय आणि मुकादम म्हणतोय, "हात थांबवू नका." वरचं बटण 'काम थांबवा', खालचं 'चालू ठेवा'. ओरिनबेक दर वेळी खालचंच दाबायचा आणि पडदा लाल व्हायचा.

शिकवणारी तोगझान त्याच्या लेकीच्या वयाची; वडीलकीच्या मानाने त्याला 'आगा' म्हणायची. ती वैतागली. "आगा, मुद्दाम करताय का? वरचं दाबा आणि सुटा एकदाचे!"

"आम्ही खालचंच दाबलं होतं, पोरी."

"कुठे?"

"खाणीत, अकरा वर्षांपूर्वी. वायू मोजायचं यंत्र सारखं ओरडायचं, काम बंद पडायचं. मुकादम म्हणाला, झाक ते. मी माझं जाकीट टाकलं त्याच्यावर. मग कोळशाचा सरकता पट्टा तुटला, म्हणून जोडसामान आणायला मला वर पाठवलं. तेवढ्यात वायूचा स्फोट झाला. खाली सहा जण होते, एकही वाचला नाही. मुकादमही त्यातच गेला. चौकशीत सगळं त्याच्या माथी मारलं. मी गप्प बसलो."

तोगझानने हात पुढे केला आणि वरचं बटण स्वतःच दाबलं. पडदा हिरवा झाला. चित्रातली सहा माणसं टाळ्या वाजवू लागली.

प्रमाणपत्र घेऊन ओरिनबेक घरी गेला नाही. थेट देमेउच्या दारात गेला. देमेउ त्या सहांतला, त्याचा जिवलग. देमेउची बायको काम्शात हिने नेहमीसारखा वाटीत चहा ओतला. त्याने सगळं सांगितलं.

"अकरा वर्षं तू माझ्या हातचं जेवलास," ती एवढंच म्हणाली. मग त्याच्यासमोरची वाटी उचलून तिने मोरीत ओतली.

आठवड्याभरात गावभर झालं. ओरिनबेकला बटाट्यांच्या गोदामात काम मिळालं. तिथे खाणीतले जुने पाच-सहा जण आहेत. दुपारी ते शेगडीभोवती बसतात. तो पोत्यांआड उभ्यानेच भाकरी खातो. कुणी त्याला बोलावत नाही, आणि तोही जात नाही.