कधीच न उघडलेली प्रयोगशाळा

कामावर त्याला सगळे हवावाला म्हणत. इमारत बांधून झाली, यंत्रं बसली, की शेवटी हा यायचा. घातक जंतूंवर काम होणाऱ्या प्रयोगशाळा, दवाखान्यातल्या विलगीकरणाच्या खोल्या, अशा ठिकाणची हवा आतून बाहेर पडत नाही ना, हे तपासून यंत्रणा चालू करून द्यायची, हा त्याचा धंदा. बंद दाराच्या फटीशी तो चिमूटभर धूर सोडायचा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर रेंगाळला, तर छतावर चढून पंखे, झडपा, फिल्टर सगळं पहिल्यापासून. सोबतचे गंमत करत, "याच्या घरी चहाची वाफसुद्धा विचारून वर जाते."

असं परगावी हिंडण्यातच आयुष्य गेलं. लग्न राहून गेलं. घर म्हणजे थोरली बहीण, अक्का. तिचा एकुलता एक मुलगा तापानं गेला. त्याचं रक्त तपासायला मोठ्या शहरात पाठवलं होतं. कसला ताप ते कळलं, तेव्हा कळून उपयोग उरला नव्हता.

पुढे काही वर्षांनी त्यांच्याच गावात तसं रक्त तपासणारी प्रयोगशाळा बांधायला घेतली. हवावाल्यानं हातातली कामं सोडून हे काम मागून घेतलं. वीज गेली तरी जनरेटर सुरू होईपर्यंत आतली हवा उलटी फिरता कामा नये. चाचणीत ती पहिल्यांदा फिरली, दुसऱ्यांदाही फिरली. तो झडपांच्या वेळा बदलत राहिला, आणि एकदाचं जमलं.

"झालं का रे तुझं?" अक्कानं विचारलं.

"झालं. आता उघडायचीच बाकी."

पण उघडेना. आत काम करायला माणसं नेमायची मंजुरीच येईना. तोवर यंत्रणा चालती राहावी म्हणून याला ठेवून घेतलं. रिकाम्या खोल्यांतून हवा फिरत राहिली. मग साहेब म्हणाले, "रोज नका लावू पंखे. रिकाम्या खोल्यांना एवढी वीज कशाला, म्हणून वरून मला विचारतात." पंखे बहुतेक बंदच राहू लागले. दारांचं रबर ताठरलं, कोपऱ्यांत बुरशी धरली. तो पुसायचा, ती पुन्हा यायची.

अक्का मात्र विचारायची थांबली नाही. एका संध्याकाळी तिचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून तो बोलून गेला, "सुरू झाली."

अक्कानं डोळे पुसले. त्यानंतर ती रोज चौकशी करायची, आज कोण आलं, काय निघालं. तो जेवता जेवता काहीबाही सांगायचा.

मग शेजारची मुलगी तापानं फणफणली. अक्का तिच्या वडिलांना घेऊन थेट फाटकाशी आली. त्यांच्या हातात थर्मास होता, त्यात मुलीच्या रक्ताची कुपी.

वॉचमन म्हणाला, "इथे कुणी नसतं मावशी. एक पंखेवाले काका तेवढे असतात."

तेवढ्यात हवावाला खाली आला.

"अरे, हे कुणाकडे द्यायचं?" अक्कानं विचारलं.

"मोठ्या शहरात पाठवावं लागेल."

"का? आज सुट्टी आहे?"

"सुरूच झालेली नाही, अक्का."

मुलीचे वडील थर्मास छातीशी धरून बसकडे निघून गेले. अक्का तिथेच उभी राहिली.

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मी रोज त्याच्या फोटोला सांगत होते रे. म्हटलं, आता कुणाच्या लेकराला ताटकळावं लागत नाही."



मुलगी आपली आपण बरी झाली. रिपोर्ट त्यानंतर आला. पण तेवढ्यानं घरातलं काही सुधारलं नाही. अक्का वेळेवर वाढायची, कामाचं मात्र विचारेनाशी झाली.

पुढे हुकूम आला: पंखे, फिल्टर काढून दुसरीकडे पाठवा, खोल्यांत जुनं फर्निचर ठेवायचं आहे. काढायचं कामही त्याच्याकडेच आलं. फिल्टरभोवतीच्या ज्या रबरी पट्ट्या त्यानं नखानं दाबून बसवल्या होत्या, त्या त्याला कटरनं कापाव्या लागल्या.

नंतर एका दवाखान्याच्या कामासाठी बोलावणं आलं. गुडघे धरतात, असं सांगून त्यानं नाही म्हटलं. गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं.