साखर निघाली

चेकरसाहेब निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. उभं आयुष्य शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलं. गर्दीत शिरलं की आधी ते चेहऱ्याकडे बघायचे, तिकिटाकडे नंतर. जो खिडकीबाहेरच्या पाट्या फारच मन लावून वाचतोय, तो फुकट्या, हा त्यांचा ठोकताळा. एकदा असाच एक वाचक खांद्याला धरून वळवला, तर निघाला सख्खा मेव्हणा. त्यालाही पुढच्या थांब्यावर उतरवला. बायकोनं कितीतरी दिवस अबोला धरला, पण आपण बरोबर होतो असं साहेबांना आजही वाटतं. होतेच म्हणा. पण अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे खायचं काम नाही.

दुधातलं पाणी, दुकानदारानं मारलेला काटा, जावयाचं खोटं हसू, सगळं त्यांना दिसायचं. बायको तेवढी या तपासणीतून सुटलेली होती. ती खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, मग वेगळा संशय घ्यायचा कशाला?

सणाच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. साहेब पॅसेजमध्ये चपला शोधत होते, म्हणजे ऐकत होते.

"साखर निघाली गं," ती हळूच म्हणाली. "यांना नको सांगूस. घर डोक्यावर घेतील."

साहेबांनी कान टवकारले. साखर निघाली? कशातून?

दुसरं कशातून निघणार! दर सणाला या घरात 'थर' व्हायचा. बायकोनं माहेराहून आणलेली ती कृती. काचेच्या भांड्यात सफरचंदाच्या चकत्या, मनुका, खजूर, सढळ हातानं साखर, वर लोणी-मैद्याचा जाड चुरा, आणि मग ओव्हन. भांड्याच्या कडेला जो चिकट, किंचित करपलेला पाक धरायचा, त्यासाठी साहेब आणि सासरी गेलेली लेक अजून भांडायचे. त्यातून साखर काढायची? आणि तीही चोरून?

बायको फुलं आणायला बाहेर पडली, तशी साहेबांनी स्वयंपाकघराची झडती घेतली. चहाच्या डब्यामागे औषधाच्या दुकानातली बाटली सापडली. साखरेऐवजी वापरायचे थेंब! मैद्याचा डबा जागचा हललेला नाही आणि बदामाची पूड मात्र पिशवीभर. मनुका, खजूर गायब. सफरचंदं नावाला, बाकी सगळ्या स्ट्रॉबेऱ्या.

"यंदा फळं वेगळी दिसतायत," ती परतल्यावर ते म्हणाले.

"ताजी मिळाली," ती म्हणाली. कान लालबुंद.

साहेबांना ते फार लागलं. डॉक्टरनं परस्पर काही सांगितलंय का? आपल्या पोटाच्या घेरावर माय-लेकींची मीटिंग झाली? म्हाताऱ्याला गुपचूप पथ्याचं खाऊ घाला, त्याला काय कळतंय, असंच ना?

सणाच्या सकाळी तिनं फळं दालचिनी आणि थेंब घालून शिजवली, भांड्यात लावली, वर बदामाचा चुरा पसरला आणि आंघोळीला गेली. दुसऱ्या कुणी निदान बोट लावून चाखलं असतं. साहेबांनी नाही. गुन्हा शाबीत झाल्यावर चाखायचं काय? त्यांनी चुरा बाजूला सारला, फळांवर वाटीभर साखर पेरली, वरून पुन्हा सारखं केलं आणि पेपर वाचत बसले.

दुपारी लेक आली. जेवणं झाली, थर टेबलावर आला. साहेब मिशीतल्या मिशीत हसत होते. एरवी सगळ्यांचं झाल्यावर तळ खरवडून खाणाऱ्या बायकोनं आज पहिली वाटी स्वतःला घेतली. एक घास खाल्ला आणि तिचा चेहरा असा उजळला की साहेब बघतच राहिले.

"अगं, अगदी तसाच झालाय!" ती लेकीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, आपला थर आता कायमचा सुटला. पण हा चालेल गं मला."

"तुला चालेल म्हणजे? तुला काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"सांग आता, आई," लेक म्हणाली.

"मला साखर निघाली," बायको म्हणाली. "रक्तात. तुम्हाला सांगितलं असतं तर घासाघासाला तिकीट मागितलं असतंत. म्हटलं, सण तरी सुखानं जाऊ दे." तिनं दुसरा चमचा भरला.

साहेबांनी टेबलावरून हात लांबवून तिचं मनगट धरलं.

"खाऊ नकोस. साखर आहे त्यात. मी घातली."

"बाबा!" लेक ओरडली.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चमचा खाली ठेवला.

"म्हणजे मला जमलंच नव्हतं," ती म्हणाली. "ती चव साखरेची होती."

"जमलं होतं," साहेब बोलून गेले. "घालायच्या आधी मी चाखलं ना. अगदी असंच लागत होतं. मीच आपला हट्टाला पेटलो."

एवढं धडधडीत खोटं ते जन्मात बोलले नव्हते. आता ती चेहरा वाचणार, आता पकडणार, म्हणून ते वाट बघत राहिले.

"खरंच?" तिनं विचारलं.

"खरंच."

"मग ठीक आहे. उद्या परत करते." तिनं पदरानं डोळे पुसले आणि आपली वाटी त्यांच्यापुढे सरकवली. दालचिनी जास्त झाली होती का, फळं नीट शिजली होती का, काही काही विचारलं नाही. तिनं लगेच विश्वास ठेवला होता.

साहेबांनी चमचा उचलला आणि ते खिडकीबाहेरची पाटी फारच मन लावून वाचू लागले.