पुढच्याने ‘ये’ म्हणेपर्यंत

वसई-विरारात ओव्हरटेक करायची रीत एकच आहे. आधी हॉर्न, मग शिवी, मग आरसा मोडणं. रिक्षावाला असो, टँकरवाला असो की नव्या कोऱ्या गाडीतला डॉक्टर, पुढच्याच्या मागे दोन मिनिटं राहावं लागलं तर घराण्याला बट्टा लागल्यासारखं करतात. अशा मुलखात काशिनाथ राऊतने एका डोंगरावर उलटी रीत बसवली आणि तेरा वर्षं चालवून दाखवली. हे काम कुठल्या नगरसेवकाला जमलं नसतं. पुढे ती रीत त्याच्याच घशात अडकली, ते सांगायचं आहे.

काशिनाथ पापडीचा. वय त्रेपन्न. बापजाद्यांची वाडी आहे, सोनचाफ्याची चाळीसेक झाडं आणि थोडी केळी, पण नुसत्या वाडीवर घर चालत नाही म्हणून तो पाणीखात्यात चावीवाला झाला. हातात पाच फुटी लोखंडी चावी. ती रस्त्यातल्या झाकणाखाली घालून फिरवली की त्या गल्लीला पाणी. सकाळी पाचसहाशे घरं त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात. “काशिनाथभाऊ, आमच्याकडे कधी?” असं बायका गॅलरीतून विचारतात आणि तो वर न बघता म्हणतो, “येईल.” माणूस वाईट नाही. कुणाची पाळी चुकवली नाही, कुणाकडून फुकटचा चहा घेतला नाही. पण कधी सोडायचं ते तो ठरवतो, आणि ठरवणाऱ्याच्या मानेला एक ताठा येतो, तो त्याच्या मानेलाही आला होता.

रविवार सायकलचा. परोळच्या अलीकडे एक डोंगर आहे, सरकारी कागदावर त्याला काय म्हणतात कोण जाणे, सगळे करवंदीचा डोंगर म्हणतात. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांनी पाडलेली एक पायवाट त्यावरून उतरते. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने करवंदीत शिरायचं, इतकीच रुंद. जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन दहाबारा जण तिथे जातात, चढताना घाम काढतात आणि उतरताना पोटात गोळा आणून घेतात.

तेरा वर्षांपूर्वी याच उतारावर ॲन्सेल्म डाबरेचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ॲन्सेल्म म्हणजे काशिनाथचा शाळेपासूनचा दोस्त, बोटीवर नोकरी करून आलेला. मुंबईकडचा कुणी एक पाहुणा मागून आला, ना आवाज ना घंटी, वळणावर आतल्या बाजूने घुसला आणि ॲन्सेल्म सायकलसकट घळीत. पाहुणा मागे न बघता “सॉरी बॉस” म्हणून गेला तो गेलाच. काशिनाथने ॲन्सेल्मला पाठीवर घेऊन खाली आणलं. पुढच्या रविवारी त्याने पायथ्याशी एक पत्रा ठोकला आणि त्यावर ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने लिहिलं.

डोक्यावर भारा असलेल्या बाईला सगळ्यांच्या आधी वाट, मग ती चढत असो की उतरत. त्यानंतर चढणाऱ्याला, कारण एकदा थांबला की त्याला पुन्हा पाय मारणं कठीण. मागून येणाऱ्याने लांबूनच आवाज द्यायचा, किती जण आहेत तेही सांगायचं: “मागून एक”, “मागून तीन”. पुढच्याच्या चाकाला चाक भिडवायचं नाही, घंटी बडवायची नाही, वाट सोडून झाडोऱ्यातून घुसायचं नाही, माती सुटते. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात जाड अक्षरात: पुढच्याने ‘ये’ म्हणेपर्यंत मागच्याने पुढे जायचं नाही. जागा पुढचा ठरवेल.

लोक आधी हसले. मग पाळायला लागले, कारण हाडं सगळ्यांनाच आहेत.

या तेरा वर्षांत काशिनाथला कधी कुणाला ‘ये’ म्हणावं लागलं नव्हतं. उतारावर तो सगळ्यांच्या पुढे. खाली पोचून हेल्मेट काढून तो बाकीच्यांची वाट बघायचा, हाच त्याच्या आठवड्यातला एक तास होता जिथे त्याला कुणी “कधी?” असं विचारत नसे. तो पहिला, बस. ही जागा त्याला मरेपर्यंत हवी होती. त्याने कुणाला हे बोलून दाखवलं नाही, पण मंदाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

मग नोव्हेंबरात सुरुची साळवी आली. नालासोपाऱ्याची, सव्वीस वर्षांची. एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. सायकल कुणाकडून तरी जुनी घेतलेली, रंग उडालेली, दांड्यावर आधीच्या मालकाचं ‘रॉनी’ असं स्टिकर. काशिनाथने सायकल बघितली, मनात म्हणाला, ही काय टिकते. नवीन म्हणून तिला सगळ्यात मागे ठेवलं.

उतार सुरू झाला. काशिनाथ नेहमीसारखा पुढे. थोड्या वेळाने वरून लांब कुठेतरी ऐकू आलं, “मागून एक.” मग टोळीतल्या प्रितेशचा आवाज, “ये.” पुन्हा, जरा जवळ, “मागून एक.” “ये.” काशिनाथने पाय मारले. पुन्हा. दर वळणाला तोच आवाज एकेक माणूस ओलांडून खाली येत होता, जिन्यावरून कुणी आपल्या दाराकडे यावं तसा. आणि मग त्याच्या पाठीशी, अगदी अदबीने,

“काका, मागून एक.”

“थांब,” काशिनाथ म्हणाला.

मोहाच्या झाडाखाली वाट मोकळी होते, चार सायकली उभ्या राहतील इतकी. ती जागा आली आणि गेली. काशिनाथ काही बोलला नाही. पुढे दगडी पायरी आहे, दीड हात उंचीची, तिथे तो ब्रेक दाबून उतरला, मागे तीही थांबली आणि उतरली. असं करत दोघं खाली आले. तो पहिला, ती दुसरी.

“मस्त आहे हो वाट,” सुरुची म्हणाली. तक्रारीचा एक शब्द नाही. त्यानेच तो जास्त जळला. भांडली असती तर पत्र्याकडे बोट दाखवता आलं असतं.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. “काका, मागून एक.” “थांब.” नियम त्याच्या बाजूने होता, जागा पुढचा ठरवेल, आणि पुढच्याला जागा सापडतच नव्हती. दरम्यान प्रितेशने ब्रेक कसा बसवायचा ते काशिनाथला नाही, तिला विचारलं. तेरा वर्षं सगळे ब्रेकचं काशिनाथला विचारत होते. त्याने ते बाजूला उभं राहून ऐकलं आणि ती बरोबर सांगत होती, हे त्याला अजिबात आवडलं नाही.

घरी तो फोन घेऊन बसायचा. सायकलवाल्यांचं एक ॲप असतं, कोण कुठे किती वेळात गेलं ते त्यात दिसतं. मंदा भाजी निवडत होती.

“कोण ही सुरुची साळवी? दिवसातून चार वेळा उघडून बघता.”

“सायकलवाली आहे.”

“ते दिसतंय. तिचं काय?”

“हँडल चुकीचं धरते. फोटोत बघ ना.”

“मला काय कळतंय त्यातलं. सांगा मग तिला.”

काशिनाथने फोटो बोटांनी आणखी मोठा केला.

“की बरोबर धरते म्हणून पोटात दुखतंय?” मंदाने शेंगा मोडता मोडता विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

सहाव्या रविवारी ॲन्सेल्मने त्याला गाठलं. ॲन्सेल्म आता उतरत नाही. पायथ्याशी थर्मासचा चहा घेऊन बसतो आणि सगळ्यांना नावं ठेवतो.

“काशा, त्या पोरीला कधी सोडणार?”

“जागा मिळाली की.”

“मोहाखाली माझी जुनी जीप वळेल.”

“पत्रा वाच. जागा पुढचा ठरवतो.”

“मला पत्रा शिकवू नको,” ॲन्सेल्म म्हणाला. शर्टाची कॉलर बाजूला करून त्याने हाडावरचा उंचवटा दाखवला. “तो नियम या हाडावर उभा आहे. कुणी पडू नये म्हणून केला होतास. तू आता त्यावर ठाण मांडून बसलायस, खुर्ची मिळाल्यासारखा. तुझ्यात आणि त्या सॉरी बॉसमध्ये फरक एवढाच, की तो मागून आडवा आला आणि तू पुढून.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर काशिनाथने त्याची कॉलर धरली असती. इथे त्याने चहा अर्धा टाकला आणि सायकल घेऊन घरी गेला. रस्ताभर ॲन्सेल्मला देण्यासारखी पन्नास उत्तरं सुचली आणि एकही खरं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो तसाच पुढे राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे आठव्या, माथ्यावर सुरुची म्हणाली, “काका, तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून.” ती हेल्मेटचा पट्टा ओढत होती. काशिनाथ निघाला. पाठीवर आवाज नाही. पहिल्या वळणावर नाही, मोहाखाली नाही. त्याला हलकं वाटलं, छान उतरला तो. खाली येऊन घड्याळ बघितलं. दोन मिनिटं गेली. सात गेली. कुणी येईना. ॲन्सेल्म उठून वर बघायला लागला.

पडली, काशिनाथच्या मनात आलं. आणि ते आलं तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, गाठ सुटल्यासारखं. बरं झालं. एवढेच दोन शब्द. लगेच त्याने ते झटकले, पाण्याची बाटली उचलली, वर जायला निघाला. पण ते दोन शब्द त्याचेच होते, दुसऱ्या कुणाच्या तोंडून आले नव्हते, हे त्याला समजलं.

तो दहा पावलं चढला असेल, तोच करवंदीआडून सुरुची आली. मोकळी, वेगात, धूळ उडवत. त्याच्यापाशी चाक आडवं करून थांबली.

“नऊ मिनिटं दहा,” मागोमाग आलेल्या प्रितेशने फोन बघून सांगितलं. काशिनाथची आजवरची सगळ्यात चांगली वेळ अकरा मिनिटं पाच होती. प्रितेश फोनकडे बघत राहिला. काशिनाथकडे त्याने बघितलं नाही.

“तुम्हाला मागून त्रास नको म्हणून दहा मिनिटं थांबले वर,” सुरुची म्हणाली. तिने हे खरंच चांगुलपणाने सांगितलं होतं.

नववा रविवार. माथ्यावर सगळे पोचले आणि झाडाखाली सायकली आडव्या टाकून बसले. कुणी हेल्मेट घालेना. काशिनाथने विचारलं, “काय रे, निघायचं ना?”

“तुम्ही व्हा पुढे, काका,” प्रितेश म्हणाला. “आम्ही येतो दहा मिनिटांनी.”

अकरा जण. कुणी हसत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत म्हाताऱ्या माणसाला आधी वाढून मोकळं करतात, तसं ते त्याला मोकळं करत होते. पहिला नंबर त्याचाच राहणार होता, ठरवून, सगळ्यांच्या संमतीने.

तो उतरायला लागला. मागे कुणी नाही हे माहीत असताना उतरणं वेगळं असतं. कुणाला अडवायचं? कुणाच्या पुढे राहायचं? त्याच्या चाकाचाच आवाज त्याला कानाला लागत होता. मोहाखाली आला आणि त्याला एक गोष्ट सुचली जी आठ रविवारांत सुचली नव्हती. त्याने त्या मुलीला सायकल चालवताना धड बघितलंच नव्हतं. ती कायम पाठीमागे. जिच्यावरून त्याची झोप गेली होती ती काय करते ते त्याला फक्त ॲपमधल्या आकड्यांवरून ठाऊक होतं. आकडा खोटा असू शकतो. कुठेतरी वाट सोडून घुसत असेल. बघायचं. त्याने ब्रेक दाबला आणि वाटेच्या मधोमध पाय टेकून उभा राहिला. हे काही मन मोठं करून केलेलं नव्हतं. त्याला चूक पकडायची होती.

दहा मिनिटांनी ती आली. वळणावरून त्याला बघून थांबली.

“काका, चेन उतरली का?”

“नाही.”

“दुखलं का काही?”

“नाही.”

ती त्याच्या मागे पाय टेकून उभी राहिली. डावीकडे चार सायकलींची मोकळी जागा होती, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मग प्रितेश आला, तिच्या मागे थांबला. मग टोळीतली स्टेफी, मग आणखी दोघं. काशिनाथ पुढे, मागे रांग, नळावरच्या हंड्यांसारखी. कुणी “कधी?” म्हणत नव्हतं. सगळ्यांनी पत्रा वाचला होता आणि सगळे तो पाळत होते, तो ज्याने लिहिला त्याच्यासाठीच.

“मागून किती?” काशिनाथने शेवटी विचारलं.

“मागून पाच, काका.” मान वळवून तिने मोजलं. “नाही, सहा.”

काशिनाथने सायकल उचलून बाजूला घेतली. घसा खाकरला. सहाशे घरांना पाणी सोडताना त्याच्या हाताला एवढा जोर लागला नव्हता.

“ये.”

ती गेली. “थँक्यू काका.” मग प्रितेश, मग स्टेफी, प्रत्येक जण काही ना काही म्हणून गेला, कुणी नुसती मान हलवून. काशिनाथचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता. वाट सोडून ती कुठेच घुसली नाही. दगडी पायरीवर तर तिने ब्रेकला हात लावला नाही, नुसती मागे सरकली, पाण्यासारखी खाली उतरली आणि वळणाआड गेली. ते सुंदर होतं. ते सुंदर होतं म्हणून काशिनाथच्या पोटात पुन्हा तीच कळ उठली, आधीपेक्षा जोराची, कारण आता ती आकड्यावरची राहिली नव्हती.

तो शेवटी उतरला, सगळ्यांच्या मागे. खाली सगळे चहा पीत होते. ॲन्सेल्मने कप भरून पुढे केला. काशिनाथने तो घेतला नाही. सरळ सुरुचीपाशी गेला.

“पायरीवर ब्रेक का नाही मारलास?”

“तुम्ही मारता ना तिथे,” ती म्हणाली. “मारला की तुमचं मागचं चाक सरकतं डावीकडे. दर वेळी. मी सात रविवार तुमच्या मागे काढले, काका. तुम्ही कुठे कुठे घसरता ते पाठ आहे मला. तेवढं सोडून बाकी तुमच्यासारखंच करते.”

प्रितेश चहा पिताना थांबला. ॲन्सेल्म थर्मासचं झाकण फिरवत राहिला. काशिनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ऊन चढलं होतं, दुसऱ्यांदा डोंगर चढायची वेळ नव्हती आणि तशी कुणी चढतही नसे. त्याने हेल्मेट पुन्हा डोक्यावर ठेवलं.

“दमलीस?”

“नाही. का?”

“चल वर.”

तिने सायकल उभी केली. “येते. तुम्ही व्हा पुढे.”

“नाही,” काशिनाथ म्हणाला. “तू हो पुढे. कुठे घसरतेस ते बघायचंय मला.”